वृद्धाश्रमातला विरंगुळा आणि मनाची तब्येत: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या एका वृद्धाश्रमात रहिवाशांचा दिवस आखण्याचं काम मी गेली बारा वर्षं करते आहे. फोनवर, गेटवर, भेटीच्या खोलीत लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. विचारणारे बहुतेक मुलगे, मुली आणि सुना असतात. कधी नव्यानं आश्रम सुरू करणारे लोक येतात, तर कधी आश्रमात राहायला येऊ पाहणारे आजी-आजोबा स्वतःच विचारतात.

आईला आश्रमात येऊन महिना झाला. ती खोलीतून बाहेरच येत नाही. काय करावं?

घाई करू नका. तिचं घर सुटलंय. स्वयंपाकघर सुटलं, समोरची शेजारीण सुटली, चहा कधी टाकायचा हे ठरवण्याचा हक्कही गेला. अशा माणसाला "चला, हॉलमध्ये टाळ्या वाजवू" म्हटलं तर त्याला जावंसं वाटणार नाही. म्हणून नव्या रहिवाशाला आम्ही पहिले काही दिवस कार्यक्रमाला बोलावतच नाही. आम्ही त्याच्याकडे मदत मागतो.

मौद्याकडच्या एक आजी आमच्याकडे आल्या, तेव्हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. काहीही विचारलं की "काही नको बाई मले" एवढंच उत्तर. एक दिवस भाजी निवडणारी बाई खरंच आली नव्हती. मी मेथीच्या चार जुड्या त्यांच्या पलंगाजवळ नेऊन ठेवल्या आणि एवढी निवडून द्याल का म्हणून विचारलं. त्या उठून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "आज भाजी काहून नाही आणली?" महिन्याभरात स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांची खुर्ची ठरून गेली. सांबारवडीच्या (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर) सारणात खसखस कमी पडली की त्या खुर्चीतून सांगतात आणि त्यांचं ऐकलं जातं.

घरच्यांनी एक काम जरूर करावं. आईबद्दल एक पानभर लिहून आश्रमात द्यावं. किती वाजता उठायची, चहात साखर किती, माहेर कुठलं, कोणती गाणी गुणगुणायची, काय काम केलं, कुणाचा विषय काढला की डोळे भरून येतात आणि कशाची चीड येते. ही चिडीची माहिती आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडते. तिची गोधडी, रोजचा पितळी तांब्या, देव्हाऱ्यातला फोटो यांतलं एखादं तरी तिच्याजवळ असू द्या. फोन रोज ठरलेल्या वेळी करा. जमेल तेव्हा अर्धा तास बोलण्यापेक्षा रोज सायंकाळी सातला पाच मिनिटं बोलणं चांगलं. त्या पाच मिनिटांची वाट बघण्यात दिवस जरा सोपा जातो.

विरंगुळा म्हणजे शेवटी वेळ घालवणंच ना? औषध-पाणी आणि जेवण नीट असलं की झालं, नाही का?

हे मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि दरवेळी वाईट वाटतं. वृद्धाश्रमात वेळ भरपूर असतो, पण ठरवण्यासारखं काही हातात नसतं. उठायचं कधी, जेवायचं काय, दिवा मालवायचा कधी, सगळं दुसरे ठरवतात. माणूस खचतो तो इथे.

१९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की आपली खोली कशी मांडायची, वेळ कसा वापरायचा ते तुम्ही ठरवा. प्रत्येकाला एक रोपटं निवडायला दिलं आणि त्याची काळजी त्यानंच घ्यायची असं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण पाणी कर्मचारी घालतील आणि सगळं तेच बघतील असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त आनंदी, जास्त सावध आणि जास्त हालती-बोलती दिसली. प्रयोग लहान होता, त्यावर सगळी इमारत उभारू नये. पण आमच्या ओसरीवर तुळस, मोगरा आणि गवती चहाच्या कुंड्या आहेत. प्रत्येक कुंडीचा एक मालक आहे, आणि मालक आजारी असला तरी त्याला विचारल्याशिवाय दुसरं कुणी पाणी घालत नाही.

आपल्या कायद्यातही ही गोष्ट आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ साली जो कायदा झाला, त्याच्या १९व्या कलमात वृद्धाश्रमांच्या सेवांबद्दल बोलताना वैद्यकीय सेवेच्या बरोबरीनं मनोरंजनाच्या साधनांचा उल्लेख आहे. औषधाच्या शेजारीच ते लिहिलंय.

नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसाची आखणी कशी करता?

आमच्याकडे वर्षाची दोन वेळापत्रकं असतात. एक मार्च संपता संपता सुरू होतं आणि पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत चालतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर दुपारी ओसरीवरच्या फरशीवर पाय ठेववत नाही. उतारवयात तहान कमी जाणवते. घामही पुरेसा येत नाही. रक्तदाबाची काही औषधं अंगातलं पाणी आणखी कमी करतात. "तहान नाही लागली" या उत्तरावर विसंबून राहता येत नाही.

उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला चहा, सहा ते साडेसात अंगणात फिरणं, कुंड्यांना पाणी आणि व्यायाम. बोलण्या-गाण्याचे सगळे कार्यक्रम नऊच्या आत. याचं कारण नागपूरच्या माणसाला सांगायला नको. नऊनंतर मोठे कुलर सुरू होतात, आणि त्यांच्या घरघरीत कमी ऐकू येणाऱ्या माणसाला समोरच्याचा शब्दही कळत नाही. सुरुवातीची दोन वर्षं मला वाटायचं, दुपारच्या गप्पांना कुणी येत नाही म्हणजे कुणाला रस नाही. नंतर लक्षात आलं की त्यांना ऐकूच येत नव्हतं. आता दुपारी कुलरसमोर हाताचे उद्योग असतात: पत्ते, कॅरम, वाती, विणकाम. बोलायची गरज नसते आणि सोबत तर असते.

तासातासाला कुणीतरी पेले घेऊन फिरतं. मठ्ठा, कैरीचं पन्हं, साधं माठातलं पाणी. मधुमेह असलेल्यांच्या पन्ह्यात गूळ-साखर घालत नाही. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं, त्यांची यादी स्वयंपाकघरात लावलेली आहे. पेले भरून देण्याचं काम आम्ही रहिवाशांवरच सोपवलंय. कर्मचाऱ्यानं दिलेलं पाणी एखादे आबाजी बाजूला ठेवतात, पण शेजारच्या काकूंनी दिलं की पितात.

उन्हाळ्याचं आणखी एक सुख म्हणजे वाळवण. सरगुंडे, कुरडया, मूगवड्या. कोवळ्या उन्हात दीड तास काम आणि नंतर आत. त्या दीड तासात कुणाची सासू कशी होती, कोणत्या सालच्या पावसात पापड भिजले, हे सगळं निघतं. असा कार्यक्रम मला कधी ठरवून जमवता आला नसता.

व्यायाम किती आणि कोणता? पडण्याची भीती वाटते.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवते. ज्याला हे सगळं जमत नाही, त्यानं आपल्या तब्येतीला झेपेल तेवढं करावं.

आमच्याकडे खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन खांद्यापर्यंत नेणं असं चालतं. बाटली अर्ध्या किलोची होते, आणखी काही विकत आणावं लागत नाही. खुर्ची हातांची आणि न सरकणारी हवी. सपाता नकोत, मागून पट्टा असलेली चप्पल हवी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यानं झोपेतून उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसावं. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागली तर तिथेच थांबायचं. आणि पडण्याच्या भीतीनं माणसाला बसवून ठेवलं तर पाय अशक्त होतात, मग तो खरंच पडतो.

बाबा कशातच भाग घेत नाहीत. भजन नको, खेळ नको. पुरुषांचं असंच असतं का?

बऱ्याच पुरुषांचं असं असतं. चाळीस वर्षं ज्याची ओळख नोकरीवर उभी होती, त्याला आपण रंगीत कागद आणि कात्री देतो. आमच्याकडे एम्प्रेस मिलमध्ये आयुष्य काढलेले एक आबाजी होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ही गिरणी २००२ मध्ये बंद झाली. नागपुरातल्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटायची. ते आबाजी सगळ्या कार्यक्रमांना पाठ फिरवून गेटकडे तोंड करून बसत. एकदा शिलाई मशीनचा पट्टा तुटला. ते उठून आले, पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा ताण चुकला ना बापा." तेव्हापासून पंख्याची करकर, नळाचा वायसर, दाराची बिजागरी त्यांना दाखवल्याशिवाय मिस्त्रीला फोन गेला नाही. ते स्वतः शिडीवर चढले नाहीत, आम्ही चढू दिलंच नसतं. पण निदान त्यांचं असायचं.

बाबांनी नोकरीत काय केलं, ते विचारा. रेल्वेत होते तर सहलीची वेळ आणि डब्यांची मोजणी त्यांच्याकडे. लेखा कार्यालयात होते तर भाजीचा हिशेब त्यांना तपासू द्या, चुका खरंच सापडतात. शिक्षक असतील तर कर्मचाऱ्यांच्या मुलांचा अभ्यास घेऊ दे. आमच्याकडे सकाळचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचण्याची पाळी असते, आणि त्या पाळीवरून भांडणंही होतात. मला ती भांडणं आवडतात. ज्याला आपली पाळी हवी आहे, तो माणूस अजून जगण्यात आहे. हिवाळी अधिवेशन सुरू झालं की डिसेंबरभर विदर्भाच्या प्रश्नावर जी चर्चा रंगते, तिला मी वेळेची मर्यादा घालत नाही.

रोजचं भजन सगळ्यांना चालतं का?

नाही, आणि ते गृहीत धरू नये. नागपूरच्या आश्रमात गजानन महाराजांचे भक्त असतात, दीक्षाभूमीला नतमस्तक होणारे बौद्ध असतात, ताजबागच्या दर्ग्याला जाणारे असतात, ख्रिस्ती असतात आणि देवच न मानणारेही असतात. पूर्वी आमच्याकडे सायंकाळी एकच आरती व्हायची, आणि दोन आजी त्या वेळी नेमक्या "पाय दुखतात" म्हणून खोलीत थांबायच्या. एकदा मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या दोघी लहान मुली होत्या आणि आईचं बोट धरून दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. आरतीला त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती, पण त्यांची वंदना कधी होईल हेही कुणी विचारलं नव्हतं. ती चूक माझी.

आता आठवड्याचे वार वाटलेले आहेत. वंदना होते, भजन होतं, रविवारी प्रार्थना होते, आणि ज्याला यातलं काही नको त्याच्यासाठी त्याच वेळी बाहेरच्या खोलीत पत्त्यांचा डाव असतो. एकत्र बसायचं असेल तेव्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना उपयोगी पडते. आमच्या भागात ती बहुतेकांनी लहानपणी म्हटलेली असते. खंजिरी हातात आली की ज्यांचे खांदे वर उचलत नाहीत, त्यांचेही हात आपोआप वर जातात.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना कार्यक्रमांचा काही उपयोग होतो का? त्यांना थोड्या वेळानं आठवतही नाही.

कार्यक्रम आठवत नाही, पण त्यानं आलेलं बरं वाटणं मागे राहतं. चिडचिड कमी होते, जेवण नीट होतं.

या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं बराच काळ टिकतं. हातांची सवय तर फार उशिरापर्यंत राहते. सुनेचं नाव न आठवणारी आजी कापसाची वात मात्र अचूक वळते. कपड्यांच्या घड्या, शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, ताटं पुसणं अशी एका वेळी एकच पायरी असलेली कामं द्यावीत. सूचना एकच आणि लहान असावी. चुकलं तर दुरुस्त करू नये. लहान मुलांची खेळणी मात्र देऊ नका. माणसाला विसर पडतो, तरी अपमान कळतो.

वासाचा उपयोग आम्ही खूप करतो. संत्र्याचा आंबिया बहार बाजारात आला की टोपलीभर संत्री मधे ठेवतो. साल सोलताना जो वास सुटतो, त्यावर काटोल-वरूडच्या बागा, बैलगाडीतून आलेले संत्र्यांचे ढीग, मंडईतले लिलाव असं काय काय बाहेर येतं. ताज्या सांबाराची जुडीही अशीच. भुलाबाईची गाणी तर आमचा हुकमी आधार. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही भुलाबाई-भुलोजी बसवतो, धांड्यांचा मखर करतो आणि गाणी झाली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायला लावतो. आठ-आठ दिवस एक शब्द न बोललेल्या आजींनी अख्खं गाणं म्हटलेलं मी ऐकलंय.

कार्यक्रम सकाळी ठेवा. दिवस मावळताना या रुग्णांची घालमेल वाढते, "मले घरी जायचं आहे" सुरू होतं. तेव्हा "हेच तुमचं घर" असं समजावत बसू नका. घरी कोण कोण आहे, अंगणात कोणतं झाड आहे, ते विचारा आणि सोबत चार पावलं चाला. भेटायला येणाऱ्यांना एक हात जोडून विनंती: "ओळखलंस का मला?" असं विचारू नका. आपणच सांगावं, "आई, मी तुझी धाकटी."

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी काय करता येतं?

पलंग खिडकीशी लावा. बाहेर दाण्याचं भांडं टांगा, चिमण्या-साळुंक्या येतात. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात. त्याच वेळी दोन वाक्यं बोलायची, डोक्याला किंवा तळहाताला तेल लावायचं. रेडिओ हवा. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ पासूनचं आहे, आमच्या अनेक रहिवाशांचं बालपण त्याच आवाजात गेलंय. पण दिवसभर लावून ठेवू नका, ऐकायचं ते लावा आणि मग बंद करा. निवडू मात्र त्यांनाच द्या: निळी चादर की पांढरी, आधी दूध की आधी आंघोळ. बोलता येत नसेल तर डोळ्यांनी सांगतात.

कमी दिसतं, कमी ऐकू येतं. मग खेळायचं कसं?

मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात. कॅरमवर वरून दिवा सोडा. अष्टाचंगाचा पट जाड दोऱ्यानं शिवून घ्या, म्हणजे घरं बोटांना लागतात. बोलताना ओरडू नका. समोर बसा, उजेड आपल्या चेहऱ्यावर येऊ द्या आणि सावकाश बोला. पण त्याआधी मोतीबिंदू आणि कानातला मळ तपासून घ्या. कान साफ झाल्यावर गप्पांत परतलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

सहलीला कुठे नेता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच आमचा सहलीचा हंगाम. जागा ठरवताना मी आधी तीन गोष्टी बघते: शौचालय, सावलीतली बाकडी आणि पायऱ्या. महाराजबाग या तिन्हींत चांगली. अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, पुष्कळांनी शाळेत असताना पाहिलेलं असतं आणि त्यांना ते पुन्हा बघायचं असतं. फुटाळ्याच्या काठी सायंकाळी गर्दीआधी अर्धा तास पुरे. दीक्षाभूमीला गर्दीचे दिवस टाळून जातो. रामटेकला वर पायऱ्या आहेत, म्हणून ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनाच नेतो आणि बाकीच्यांशी तसं खरं बोलतो.

सध्या सगळ्यात जास्त मागणी मेट्रोची आहे. स्थानकांवर लिफ्ट आहेत, चाकाची खुर्ची आत जाते, गाडी थंड असते. सीताबर्डीहून लोकमान्य नगरकडे जाताना उंचावरून अंबाझरी तलाव दिसतो. ज्यांनी तो आयुष्यभर काठावरून पाहिला, ते खिडकीला नाक लावून बसतात. बाहेरगावी जायचं असेल तर लक्षात ठेवा, एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट.

सण कसे साजरे करता?

तान्हा पोळ्याला आमच्या गल्लीतली पोरं लाकडी नंदी सजवून आश्रमात येतात आणि रहिवासी त्यांना बोजारा देतात. पैसे थोडे असतात, पण ते ज्यांनी त्यांनी आपल्या बटव्यातून काढलेले असतात. वर्षभर ज्यांना सगळे काहीतरी द्यायला येतात, त्यांच्यासाठी हा द्यायचा दिवस. काही आजी दोन महिने आधीपासून सुटे पैसे जमवतात.

त्याच दिवशी इतवारी-महालात काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. त्या गर्दीत आम्ही कुणाला नेत नाही. इथेच अंगणात कागदाची छोटी मारबत करतो, आणि घेऊन जायच्या पीडा रहिवाशांनी सांगायच्या. "गुडघेदुखी घेऊन जा गे मारबत!" अशी सुरुवात होते. दोन वर्षांपूर्वी एक काकू बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, "माझ्या लेकाचा राग घेऊन जा गे मारबत." सगळ्यांनी मिळून ती हाळी दिली.

दिवाळी मात्र अवघड असते. अनेक जण घरी जातात आणि उरलेल्यांना ती रिकामी खुर्ची दिसते. त्या चार दिवसांत आम्ही कर्मचारी पाळीनं आपल्या मुलाबाळांसह इथेच जेवतो.

टीव्ही आणि मोबाइल?

टीव्ही ठरलेल्या मालिकेपुरता आणि क्रिकेटच्या सामन्यापुरता. मोबाइल शिकवा, नातवंडांचे चेहरे दिसतात. पण ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे आम्ही दर सोमवारी म्हणून घेतो.

उदास आहेत की नैराश्य आलंय, हे कसं ओळखायचं?

"आता देवानं उचलावं" हे आपल्याकडे सहज म्हटलं जातं. तेवढ्यावरून घाबरू नका, पण झटकूनही टाकू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ जेवण सुटलं, पहाटे तीनला जाग येऊन झोप लागत नाही, आवडीचं काम नको वाटतं, वजन उतरतं, "मी सगळ्यांवर ओझं आहे" पुन्हा पुन्हा येतं, तर डॉक्टरांना दाखवा. म्हाताऱ्या माणसांत नैराश्य रडण्यातून कमी आणि अंगदुखी, चिडचिड, विसराळूपणातून जास्त दिसतं. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, एखादी नवी गोळी यांचंही तपासावं. हा म्हातारपणाचा भाग नाही, आजार आहे आणि उपचारानं बरा होतो. जिवाचं बरंवाईट करण्याचं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो.

एका-दोन दिवसांत अचानक बडबड, गोंधळ, माणसं न ओळखणं सुरू झालं तर तो बहुधा मनाचा प्रश्न नसतो. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, अंगातलं पाणी कमी होणं अशी कारणं असतात. लगेच दवाखान्यात न्या.

मुलाच्या वाढदिवसाला आश्रमात जेवण द्यायचं आहे. चालेल ना?

चालेल, आणि मनापासून आभार. पण एक सांगते. जानेवारीतल्या एका रविवारी आमच्याकडे तीन गट आले. तीनदा केळी वाटली, तीनदा फोटो काढले. एका आबाजींना फोटोसाठी तेच केळं दुसऱ्यांदा हातात धरायला लावलं. ते काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी जेवले नाहीत. आता फोटोसाठी आम्ही आधी रहिवाशांना विचारतो, आणि "नाही" म्हणजे नाही.

तुम्ही चाळीस जण एकदा येण्यापेक्षा एक जण दर शनिवारी तासभर आला तर आम्हाला जास्त हवंय. पत्र लिहून द्या, नखं कापून द्या, कॅरमला चौथा गडी व्हा. धरमपेठेतली एक कॉलेजची मुलगी एका काकूंकडून पुडाच्या वड्या शिकायला येते. चार महिने झाले, वडी अजून फुटते, आणि काकूंना त्याची काही घाई नाही.

आश्रम निवडताना काय बघू?

दुपारी चारला न सांगता जा. माणसं कुठे आहेत ते बघा. सगळी पलंगावर असतील तर भिंतीवरच्या वेळापत्रकाला अर्थ नाही. रहिवाशांना विचारा, इथे शेवटचं काय तुम्ही ठरवलं? हॉलजवळ शौचालय आहे का बघा, कारण ते नसेल तर लोक कार्यक्रमाला येत नाहीत. छळ, दुर्लक्ष किंवा हक्कांबद्दल काही विचारायचं असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

सोबतचं कुणी गेलं तर बाकीच्यांना सांगता का? त्यांना धक्का बसेल ना?

सांगतो, त्याच दिवशी. पूर्वी आम्ही लपवायचो. "मुलीकडे गेल्या" म्हणायचो. पण रात्री आलेली गाडी सगळ्यांनी ऐकलेली असते, आणि आपण गेल्यावरही असंच गुपचूप होणार, हे प्रत्येक जण मनात धरून बसतो. आता सकाळी सगळे एकत्र बसतात. गेलेल्या माणसाच्या पद्धतीप्रमाणे प्रार्थना किंवा वंदना होते. ज्याला जे आठवतं ते तो सांगतो, भांडणं झाली असतील तर तीही निघतात. ज्याला रडायचं आहे तो रडतो. त्यांची जेवणाची जागा आठ दिवस तशीच ठेवतो.

आणि ओसरीवरची त्यांची कुंडी आता कोण सांभाळणार, हे त्याच बैठकीत विचारतो. कुणी ना कुणी हात वर करतंच. मेथीवाल्या आजींकडे सध्या तीन आहेत, दोन मोगऱ्याच्या आणि एक गवती चहाची.